रिकाम्या खाटांचं भाडं

पुण्यात योगवर्ग घेणाऱ्या एका शिक्षिकेने दापोलीजवळ तीन रात्री, चार दिवसांचं निवासी शिबिर ठेवलं. सात खोल्यांचा बंगला, चौदा जागा, माणशी १२,००० रुपये. वर्गातल्या बऱ्याच जणींनी ‘आम्ही नक्की’ म्हणून सांगितलं होतं. आल्या नऊ. शिबिर छान झालं, सगळ्या समाधानाने घरी गेल्या, आणि बाईंच्या बचतीतले ३८,५०० रुपये संपले.

आता नवे शिक्षक सल्ला विचारायला आले, की त्या हाच हिशेब त्यांच्यापुढे मांडतात. उधळपट्टी त्यात कुठेच नव्हती. बंगल्याचं तीन रात्रींचं भाडं ६०,०००. पुण्याहून टेम्पो ट्रॅव्हलर, चालकाच्या भत्त्यासह २०,०००. मदतीला घेतलेल्या दुसऱ्या शिक्षकाचं मानधन १५,०००, आचारी आणि त्याचा मदतनीस १२,०००, जागा बघायला केलेली फेरी आणि जाहिरात मिळून ८,०००. हे झाले १,१५,०००. नऊ जणी येवोत की चौदा, यातला एक रुपयाही कमी होणार नव्हता. जेवणखाण आणि इतर किरकोळ साहित्य मात्र माणशी, साधारण ३,५०० रुपये.

चौदा जणींत वाटलं तर खर्च माणशी ११,७०० च्या आसपास येतो, म्हणून १२,००० ही रक्कम ठरली. नऊ जणींत वाटल्यावर तोच खर्च १६,३०० च्या घरात जातो. रिकाम्या पाच खाटांचं भाडं कुणीतरी भरणारच होतं. शिवाय सगळ्या जागा भरल्या असत्या, तरी हाती उरले असते जेमतेम ४,००० रुपये. कारण सकाळ-संध्याकाळ शिकवणाऱ्या बाईंचं स्वतःचं मानधन खर्चाच्या यादीत नव्हतंच.

ते का नव्हतं, हे समजून घ्यायला हवं. योग शिकवून पैसे घ्यायचे म्हणजे आपल्याकडे आजही संकोच वाटतो, आणि त्यात महाराष्ट्रातली मोठी उदाहरणं डोळ्यांसमोर असतात. इगतपुरीच्या धम्मगिरीत विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला शुल्क नाही, राहणं-जेवणही मोफत. पण तिथे शिकवणारे मानधन घेत नाहीत, स्वयंपाकघरात जुने साधक सेवा देतात, आणि आधी शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर पुढची शिबिरं चालतात. लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ चं, उरुळीकांचनचा निसर्गोपचार आश्रम १९४६ चा. अशा संस्थांमागे स्वतःची जागा आणि अनेक दशकांची घडी असते. भाड्याचा बंगला आणि भाड्याची गाडी घेऊन शिबिर भरवणाऱ्या एकट्या शिक्षिकेने त्यांच्याकडे बघून दर ठरवणं हा स्वतःवर केलेला अन्याय आहे.

बाईंनी दुसऱ्या खेपेला कागद उलट्या बाजूने भरला. आधी स्वतःचं मानधन लिहिलं, २५,०००. मग चौदाऐवजी नऊ जणी येतील असं धरलं. जुन्याच बंगल्यात तसा दर १९,००० च्या वर जात होता, आणि तेवढे पैसे आपल्या वर्गातून येणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. इथे बरेच जण आधी स्वतःच्या मानधनावर काट मारतात. त्यांनी त्याऐवजी जागा बदलली. अख्खा बंगला घेण्याऐवजी माणशी दर लावणारं होमस्टे शोधलं: जेवणासह रात्रीचे २,२००. बंगल्याचं भाडं आणि आचारी दोन्ही यादीतून गेले. अटळ खर्च मानधनासकट ६८,००० वर आला, किरकोळ साहित्य धरून माणशी खर्च ७,३०० झाला, आणि १५,००० रुपये दराने नवव्या नावाला जमाखर्च जुळला. दहाव्या जणीपासून प्रत्येक नावामागे ७,७०० रुपये शिल्लक. दर ठरवण्याइतकंच जागामालकाशी केलेल्या व्यवहाराचं स्वरूप महत्त्वाचं असतं, ते असं.

तारखांचाही दराशी थेट संबंध आहे. दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि मे महिना या काळात कोकणात खोल्या महाग. सोमवार ते गुरुवार त्याच खोल्या बऱ्याच स्वस्त मिळतात, पण नोकरदार येऊ शकत नाहीत. पावसाळ्यात भाडं उतरतं, मात्र वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का आणि घाट बंद पडला तर एक जादा रात्र कोणत्या दराने मिळेल, हे आधीच विचारून घ्यावं.

कराचं एक सांगायलाच हवं. सेवा देणाऱ्यांसाठी जीएसटी नोंदणीची २० लाखांची मर्यादा नफ्यावर मोजत नाहीत, वर्षभराच्या एकूण उलाढालीवर मोजतात. खोलीभाड्याचे आणि जेवणाचे पैसे तुम्ही स्वतःच्या पावतीवर घेतले, तर तेही सहसा त्यात धरले जातात. वर्षात पाच-सहा शिबिरं घेण्याचा बेत असेल, तर पहिल्या जाहिरातीआधीच सनदी लेखापालाला भेटावं.

राहिला तोंडी होकार. बाई आता ५,००० रुपये आल्याशिवाय नाव लिहीत नाहीत, आणि ही रक्कम केव्हा परत मिळेल, केव्हा नाही, हे आधीच लेखी कळवतात. शिबिराला तीन आठवडे उरले असताना नऊ नावं झाली नसतील, तर शिबिर रद्द आणि सगळ्यांचे पैसे परत. त्यासाठी होमस्टेच्या मालकाशी बोलतानाच इसार परत मिळण्याची मुदत त्या तारखेनंतरची ठरवून घेतात. तो तयार नसेल, तर दुसरी जागा बघतात.