साडी हिरवी होती की मोरपंखी? व्हिडिओ कॉलसाठी घरातली लाईट कशी लावायची



आज आधी माझीच चूक सांगतो, मग शिकवतो.

लग्नसराईचे दिवस होते. रात्री साडेनऊला दुकान बंद करून घरी आलो आणि एका ताईंचा व्हिडिओ कॉल आला. मानाच्या सहा साड्या हव्या होत्या. हॉलमधल्या पिवळ्या बल्बखाली मी गठ्ठा उघडला. ताई म्हणाल्या, "ती हिरवी द्या दादा, सहाच्या सहा." हातात मोरपंखी होती. पण मोरपंखीला बरेच जण हिरवीच म्हणतात, असं मी धरून चाललो. पार्सल गेलं आणि तिसऱ्या दिवशी फोन आला, "तुम्ही दाखवलेली ही नव्हे." सहाही साड्या परत आल्या. दोन्ही वेळचं कुरिअर माझ्या खिशातून गेलं, ते एक वेळ चालेल. पण त्या ताई परत कधी आल्या नाहीत. खरं नुकसान ते.

साडी चांगली होती, ताईही खोटं बोलत नव्हत्या. घोळ लाईटचा होता.

१. आधी बसायची जागा बदला

नवीन काही विकत घेऊ नका. खिडकी पाठीमागे असेल तर कॅमेरा त्या उजेडाप्रमाणे स्वतःला जुळवून घेतो आणि तुमचा चेहरा काळा पडतो. म्हणून तोंड खिडकीकडे करा, फोन खिडकी आणि तुमच्या मध्ये ठेवा. थेट ऊन येत असेल तर पांढरा पातळ पडदा ओढा. उजेड मऊ होतो, सावल्या कडक पडत नाहीत.

२. बल्बच्या खोक्यावरचा आकडा वाचा

तिथे केल्विन लिहिलेलं असतं, म्हणजे उजेडाचा रंग. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ४००० च्या आसपास मधला, ६५०० म्हणजे पांढरा, थोडा निळसर. पिवळ्या उजेडात निळा रंग मुळात कमी असतो. त्यामुळे मोरपंखीतला निळा दबतो आणि साडी हिरवी दिसते. माझं नेमकं हेच झालं. माल दाखवायला ४००० ते ६५०० मधली लाईट घ्या.

दुसरा शब्द सीआरआय. उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं हे माप, १०० पैकी. साध्या एलईडीला ८० च्या आसपास असतो. कपडे, दागिने, मेकअप विकत असाल तर ९० च्या पुढचा बल्ब मागून घ्या.

३. दोन रंगांची लाईट एकत्र नको

एका बाजूला ट्यूब, दुसऱ्या बाजूला पिवळा बल्ब, असं असेल तर कॅमेऱ्याचा गोंधळ होतो. तो एकाच उजेडाला "पांढरा" मानू शकतो. कॉलच्या वेळी एकाच रंगाची लाईट चालू ठेवा, बाकी बंद.

४. लाईट कुठे ठेवायची?

डोक्यावरच्या बल्बने डोळ्यांखाली खड्डे दिसतात. लाईट समोर, थोडी बाजूला आणि डोळ्यांच्या पातळीपेक्षा जराशी वर ठेवा. दुसऱ्या बाजूला पांढरी कार्डशीट उभी करा. तिच्यावरून उजेड परत येतो आणि सावली हलकी होते. चष्मा चमकत असेल तर लाईट अजून वर घ्या.

अंतराचंही गणित आहे. लहान बल्ब दुप्पट लांब नेला की उजेड निम्मा नाही, चौथाई होतो. म्हणून मोठा बल्ब आणण्याआधी आहे तोच जवळ आणून बघा.

५. चित्रात पट्टे सरकतात?

आपली वीज ५० हर्ट्झची. काही स्वस्त बल्ब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. लॅपटॉपच्या कॅमेरा सेटिंगमध्ये फ्लिकरचा पर्याय असेल तर ५० हर्ट्झ निवडा. तरी पट्टे दिसले तर बल्ब बदला.

६. कॉलआधीची दोन मिनिटं

लेन्स मऊ कापडाने पुसा. बोटाचा तेलकट डाग असला की सगळं धुरकट दिसतं. मग घरातल्या कुणाला तरी दुसऱ्या खोलीत बसवून व्हिडिओ कॉल लावा. तुमच्या स्क्रीनवर नाही, त्यांच्या स्क्रीनवर बघा. साडीशेजारी एक कोरा पांढरा कागद धरा. कागद पिवळा दिसला तर साडीचा रंगही खोटा दिसतोय, समजून जा.

आणि एवढं करूनही रंग तोंडाने सांगा. समोरच्या फोनची स्क्रीन कशी आहे ते आपल्या हातात नाही. मी आता म्हणतो, "ताई, ही मोरपंखी आहे, निळ्याकडे झुकणारी. उद्या सकाळी दारातल्या उजेडात फोटो पाठवतो, तो बघून हो म्हणा." ऑर्डर एक रात्र थांबते, पण पार्सल परत येत नाही.

आजचा गृहपाठ: एकच वस्तू घ्या. एक फोटो रात्री हॉलमध्ये, एक सकाळी खिडकीपाशी काढा आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. गिऱ्हाईक आजवर काय बघत होतं, ते तुम्हालाच दिसेल.

भेटू पुढच्या धड्यात. धंदा नीट करा, उजेडात करा!