‘कशासाठी?’चा रिकामा रकाना

मावशीची सगळी नोकरी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाली. निवृत्तीनंतर ती लहान-मोठ्या रुग्णालयांना अँटिबायोटिकचं ऑडिट करायला मदत करते. भाचा उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये एका जीन्स कारखान्याचे हिशेब सांभाळतो. दुपारच्या बदलापूर लोकलमध्ये उल्हासनगरला तो चढला आणि मावशीच्या बाकावरची चौथी सीट त्याला मिळाली.

भाचा : ऑडिट म्हटलं की आमच्याकडे सगळ्यांचे चेहरे पडतात. डॉक्टरांचंही करतात?

मावशी : डॉक्टरांचं नाही रे, औषधाचं. तू नाही का बघत, कापड किती आलं, पँटी किती झाल्या, कात्रण किती गेलं? तसंच. कुठल्या खाटेवर कुठलं अँटिबायोटिक, किती, तोंडाने की शिरेतून, आणि कशासाठी.

भाचा : ते तर मेडिकलच्या बिलावरूनही निघेल.

मावशी : बिलावरून खप निघतो. शंभर खाटांमागे सेफ्ट्रियाक्सोनच्या किती व्हायल संपल्या, हे कळतं. तो आकडाही लागतो, मागच्या महिन्याशी ताडून बघता येतो. पण न्यूमोनियाला दिलेलं इंजेक्शन आणि ‘असू दे’ म्हणून दिलेलं इंजेक्शन, बिलावर दोन्ही सारखीच दिसतात.

भाचा : मग शोधायचं कुठे?

मावशी : केसपेपरवर. एक दिवस ठरवायचा. सकाळी आठला जेवढे पेशंट भरती, तेवढे घ्यायचे. टॅबवर फॉर्म असतो. औषध, डोस, निदान, जंतू शोधायला कल्चर पाठवलं का, कधी थांबवायचं ते लिहिलंय का. पूर्वी हे कागदावर व्हायचं आणि गठ्ठे कपाटात जायचे. बेरीज व्हायला सहा महिने, तोवर वॉर्डातले रेसिडेंट डॉक्टरही बदललेले. आता संध्याकाळपर्यंत वॉर्डवार तक्ता तयार. डिजिटलचा खरा फायदा एवढाच.

भाचा : आणि त्यात निघतं काय?

मावशी : दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ मध्ये देशातल्या २० मोठ्या रुग्णालयांत असंच सर्वेक्षण केलं. ९,६५२ पेशंट. त्यातल्या ७१.९ टक्के लोकांना अँटिबायोटिक चालू होतं. निम्म्याहून जास्त, ५५ टक्क्यांना, ते संसर्ग झाला म्हणून नव्हतं, होऊ नये म्हणून होतं.

भाचा : आणि ज्यांना खरंच संसर्ग होता?

मावशी : त्यांच्यातही नेमका जंतू कळल्यावर औषध दिलेले फक्त ६ टक्के. बाकी अंदाज. अंदाजाने सुरू करणं चूक नाही, अत्यवस्थ माणसासाठी रिपोर्टची वाट बघत बसता येत नाही. पण ४८ ते ७२ तासांनी थांबून विचारायला हवं, अजून लागतंय का? बदलायचं का? इंजेक्शनाची गोळी करता येईल का? ते राहून जातं.

भाचा : आईच्या हर्नियाच्या ऑपरेशननंतर पाच दिवस इंजेक्शनं चालली होती. तेही हेच?

मावशी : हेच. साध्या, स्वच्छ ऑपरेशनला चीर द्यायच्या आधी तासाभरात दिलेला एक डोस बहुतेक वेळा पुरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ सालीच सांगितलंय, ऑपरेशन संपल्यावर पुढे ओढू नका.

भाचा : मग ओढतात का? पैशासाठी?

मावशी : कधी पैशासाठी असेलही. मी पाहिलं त्यात भीतीच जास्त. गल्लीतलं वीस खाटांचं रुग्णालय, टाक्यात पू झाला की नातेवाईक दारात उभे. एक इंजेक्शन जास्त दिलं म्हणून कोणी भांडायला येत नाही.

(अंबरनाथच्या अलीकडे गाडी सिग्नलला थांबते.)

मावशी : हे बघ, तुला सिग्नलच्या भाषेत सांगते. २०१७ साली आरोग्य संघटनेने अँटिबायोटिकचे तीन गट पाडले. अमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन हिरव्यात, आधी हे वापरा. सेफ्ट्रियाक्सोन, अझिथ्रोमायसिन पिवळ्यात, जपून. कोलिस्टिन लाल, अगदी शेवटी. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांत ठरलं की २०३० पर्यंत जगातला ७० टक्के वापर हिरव्यातला हवा. आपल्या त्या २० रुग्णालयांत हिरवा साधारण ३८ टक्के, पिवळा ५७.

भाचा : म्हणजे सगळी गाडी पिवळ्यावरच.

मावशी : आणि लालकडे निघालेली. २०१० साली हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी मुंबईतल्या पेशंटांच्या जंतूंत एनडीएम-१ नावाचं विकर सापडल्याचं छापलं. हे विकर असलेले जंतू मेरोपेनेमसारख्या तगड्या औषधालाही बहुधा दाद देत नाहीत. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स निघाली, तेव्हा पेनिसिलिन पुरेसं बनेल की नाही ही चिंता होती. आता निराळीच चिंता.

भाचा : बरं, तक्ता झाला. पुढे? आमच्याकडे तर ऑडिटर रिमार्क मारतो आणि निघून जातो.

मावशी : तिथेच बहुतेक ऑडिट मरतं. तक्ता मेलवर पाठवून काही होत नाही. वॉर्डात जाऊन, डॉक्टरशेजारी उभं राहून दाखवावा लागतो. नावं न घेता, शेजारच्या वॉर्डाच्या आकड्यासोबत. सप्टेंबर २०१४ मध्ये इंग्लंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सगळ्यात जास्त अँटिबायोटिक लिहिणाऱ्या दवाखान्यांना पत्र धाडलं, ‘तुमच्या भागातल्या ८० टक्के दवाखान्यांपेक्षा तुम्ही जास्त लिहिता.’ दंड नाही, चौकशी नाही. सहा महिन्यांत ३.३ टक्के घट, ७३ हजारांवर चिठ्ठ्या कमी.

भाचा : एका पत्राने?

मावशी : शेजाऱ्याशी तुलना कोणाला सुखाने झोपू देते? पण आपली अडचण वेगळी. इथला पेशंट आधी बदलापूरच्या नर्सिंग होममध्ये, मग अंबरनाथला, तिथून रेफर होऊन उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात, नाहीतर थेट कळवा-सायनच्या रुग्णालयांत. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर. आधी काय टोचलं ते चिठ्ठीवर नसतं, आणि दोन दिवस औषध अंगात गेल्यावर कल्चरमध्ये जंतू उगवेलच असं नाही. एका रुग्णालयाचं ऑडिट कितीही डिजिटल असो, त्याला हा प्रवास दिसत नाही.

भाचा : मग सॉफ्टवेअरमध्ये कारणाचा रकाना सक्तीचा करा. भरल्याशिवाय पुढे जाताच येऊ नये.

मावशी : केलाय काही ठिकाणी. मग प्रत्येकापुढे ‘ताप’ येतं.

भाचा : (हसतो) आमचा ‘इतर खर्च’.

मावशी : अगदी! जानेवारी २०२४ मध्ये केंद्राचे आरोग्यसेवा महासंचालक डॉ. अतुल गोयल, पूर्वी आपल्या केईएम रुग्णालयात असलेले न्यूरोसर्जन, यांनी देशभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टरांना लिहिलं, अँटिबायोटिक लिहाल तेव्हा कारणही लिहा. मेडिकलवाल्यांना तर १ मार्च २०१४ पासून एच-१ या सरकारी यादीतल्या औषधांसाठी वेगळी वही ठेवावी लागते, पेशंट आणि डॉक्टरच्या नावासकट, तीन वर्षं जपून. पण त्या वहीतही कारण नाही.

(अंबरनाथ गेलं. मावशी पिशवीतून चष्मा काढते.)

मावशी : ताईचं डिस्चार्ज कार्ड आहे का मोबाइलमध्ये?

भाचा : हो, फोटो आहे. औषधाचं नाव आहे... डोस आहे... पाच दिवस लिहिलंय. कशासाठी, ते नाही.

मावशी : टाके काढायला गेलास की विचार. भांडू नकोस, नुसतं विचार आणि त्याच कार्डावर त्यांच्याकडून लिहून घे. चल, ऊठ, बदलापूर आलं.