त्याला कुठे कळतंय?



गेल्या महिन्यात धर्मशिक्षणाच्या वर्गात एक प्रसंग घडला. दोन्ही घरांच्या परवानगीने तो येथे लिहीत आहोत. सातवीतल्या एका मुलाने पायाने अधू असलेल्या मुलीला सर्वांसमोर 'लंगडी' म्हणून चिडवले. ती रडत घरी गेली. आम्ही चौकशी केली, तेव्हा शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, "जाऊ द्या फादर, त्याला कुठे कळतंय? अजून धड वाचता येत नाही."

क्षणभर आम्हालाही ते पटले. पण वाचता न येणे आणि न कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाची बुद्धी कमी नसते. अक्षर आणि आवाज यांची सांगड त्याला सहज घालता येत नाही, इतकेच. समोरच्याचा चेहरा पडलेला त्याला आपल्याइतकाच दिसतो. याच मुलाला नारायणगावच्या टोमॅटो बाजारात क्रेटचा हिशेब तोंडी करताना आम्ही पाहिले आहे. आणि आजोबा समोर असले की असले शब्द त्याच्या तोंडून निघत नाहीत!

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाचे निराळे. काही शब्द तो ऐकून नुसते उच्चारतो, अर्थ त्याच्या गावी नसतो. अज्ञान, भीती, सवय, मानसिक कारणे यांमुळे जबाबदारी कमी होते, कधी उरतही नाही, असे कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथाचा परिच्छेद १७३५ सांगतो. ॲरिस्टॉटल आणखी एक गोष्ट जोडतो. जे केवळ अज्ञानापोटी घडले, त्याचे कळल्यावर दुःख वाटते. सेमिनरीत हे आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. पण दुःख वाटायला आधी कोणीतरी कळू द्यावे लागते ना? आपण 'जाऊ द्या' म्हणतो आणि तेच राहून जाते.

शिवाय ताईंचे ते वाक्य त्या मुलाने ऐकले होते.

'ढ', 'मठ्ठ', 'मतिमंद' हे शब्द आपल्या घरात, शाळेच्या ओट्यावर, सर्रास चालतात. संत थॉमस अक्वायनस यांना सोबतचे विद्यार्थी 'मुका बैल' म्हणत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांत अध्ययन अक्षमताही आहे. दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान केल्यास कलम ९२नुसार सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंड होऊ शकतो. आम्हाला मात्र मत्तय ५:२२ अधिक घाबरवते. कारण नाताळच्या आधी आम्हीच त्या मुलाला वाचनासाठी उभे केले होते. तो अडखळला, वर्ग हसला आणि आम्हीही हसलो. आम्हाला तर कसलीच अक्षमता नाही.

म्हणून आधी आम्ही त्याची क्षमा मागितली. मग तो आईबरोबर आंबेगावच्या बाजूला, त्या मुलीच्या वाडीवर गेला. काय बोलला ते आम्ही विचारले नाही. ती अजून त्याच्याशी बोलत नाही. तो तिचा अधिकार आहे.

ज्यांची मुले हुशार असूनही वाचनात फार मागे आहेत, अशा पालकांनी मिस्सानंतर आम्हाला भेटावे. दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मात्र त्यासाठी अधिकृत प्रमाणपत्र आधी काढावे लागते, आणि त्याला वेळ लागतो.