व्हिसा रद्द होण्याआधी

आखातातून कायमचं परतायचं ठरलं की घरात कार्गोच्या खोक्यांची चर्चा सुरू होते. पैशाचा विषय शेवटी निघतो. तो सगळ्यात आधी निघावा, म्हणून हे लिहितो आहे.

मी दुबईतली नोकरी सोडली तेव्हा कंपनीने हिशेब चोख केला. ग्रॅच्युइटी नियमाप्रमाणे, म्हणजे पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार आणि त्यापुढे ३० दिवसांचा, खात्यात जमा झाली. मात्र ही अखेरची रक्कम आहे असं बँकेला कळताच खातं गोठलं. कर्ज नव्हतं, फक्त एक क्रेडिट कार्ड होतं, त्यावरही बाकी शून्य. पण कार्ड रीतसर बंद होऊन ‘येणे बाकी नाही’ असं पत्र मिळेपर्यंत सगळी पुंजी नुसती मोबाइलवर दिसत राहिली. तिकीट पुढे ढकलावं लागलं. म्हणून राजीनामा देण्याआधीच कार्ड बंद करा आणि पत्र हातात घ्या. तिथलं सिमही लगेच टाकून देऊ नका. ओटीपी त्याच नंबरवर येतो.

अशा घाईत हुंडीवाला हमखास गाठतो. दर चढा, रोकड घरपोच. त्याच्या वाटेला जाऊ नका. ‘फेमा’ या परकीय चलनविषयक कायद्याखाली रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय उद्या गावी जमीन घेताना हा पैसा कुठून आला, असं कुणी विचारलं तर दाखवायला तुमच्याकडे एक चिठोरंही नसतं. घामाचा पैसा असा संशयात का टाकायचा?

इथे आल्यावर बहुतेकांचं एनआरई, म्हणजे अनिवासी, खातं तसंच चालू राहतं. कायमचं राहण्यासाठी आलात की फेमाच्या नजरेत तुम्ही निवासी झालात. खातं निवासी करून घेणं तुमच्यावर बंधनकारक आहे आणि त्या खात्याच्या व्याजावरची करमाफीही तिथेच संपते. परकीय चलनातली एफसीएनआर ठेव मात्र मुदत संपेपर्यंत ठरलेल्या दराने चालू ठेवता येते. पुढेही डॉलरमध्येच पैसे ठेवायचे असतील तर आरएफसी, म्हणजे निवासी परकीय चलन, खातं उघडा. बरीच वर्षं सलग बाहेर काढलेल्यांना आयकरात काही काळ ‘आरएनओआर’ (निवासी, पण सामान्य निवासी नाही) असा दर्जा मिळतो आणि परदेशातल्या व्याजावर इथे कर लागत नाही. हा दर्जा दिवस मोजून ठरतो, त्यामुळे परतीची तारीख पक्की करण्याआधी चार्टर्ड अकाउंटंटला पासपोर्टावरचे शिक्के दाखवा.

आणि गावात पोहोचल्यावर एखादा टक्का जास्त व्याजाच्या आमिषाने सगळी रक्कम एका जागी गुंतवू नका. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, २०२० पासून दर बँकेमागे माणशी ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो लागू नाही.