चित्रकथीची पोथी : जतन आणि क्रम

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळील पिंगुळी येथील ठाकर समाजाच्या चित्रकथी परंपरेत रामायण-महाभारतातील आख्याने कागदावरील चित्रे एकामागून एक दाखवीत गायिली जातात. एका आख्यानाच्या चित्रसंचाला 'पोथी' म्हणतात, आणि ही संज्ञा केवळ आलंकारिक नव्हे. चित्रे पाठीस पाठ लावून चिकटविलेली असतात. पान उलटले की कथा पुढे सरकते. संहिता गायकाच्या कंठात असते, तिचा क्रम मात्र पानांत.

म्हणूनच असे पान घरी चौकटीत बसवून भिंतीवर टांगणे हा, हेतू कितीही सद्भावाचा असो, एक प्रकारचा पाठच्छेदच होय. मागील चित्र झाकले जाते, क्रम तुटतो; शिवाय उजेडाने उडालेला रंग परत येत नाही. पोथी कापडात बांधून ठेवण्याची रीत त्यामानाने शहाणपणाची. तिचा खरा शत्रू कोकणातील पावसाळा. हवेतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, कसर खळीवर तुटून पडते. अशा वेळी पाने उन्हात टाकू नयेत; सावलीत वाऱ्यावर सुकवून मऊ कुंचल्याने हलकेच झटकावीत. प्लास्टिकचे आवरण चिकटविणे तर सर्वांत घातक.

बांधण्यापूर्वी पानांचा क्रम वेगळ्या कागदावर नोंदवावा, तोही गायकाला विचारूनच. अभ्यासकाने पात्रे ओळखून लावलेला क्रम बहुधा ग्रंथातील रामायणाचा असतो. पिंगुळीचे आख्यान तसेच चालते असे नाही.