सॅनिटरी पॅडची पाकिटे उष्णतेविना बंद करणे

गगनबावडा, राधानगरी भागात पावसाळी हवेत पॅड ओल धरते. दमट पॅड आरोग्यास अपायकारक. म्हणून प्रत्येक नग स्वतंत्र पाकिटात बंद करणे अगत्याचे आहे. वीज बेभरवशाची असेल तेथे बचत गटातील भगिनींनी चिकट पट्टीची प्लॅस्टिक पाकिटे वापरावीत. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. पॅडच्या तीन घड्या करून आतील हवा काढावी व पट्टी मध्यापासून कडांकडे अंगठ्याने दाबीत न्यावी. पट्टीखाली कापसाचा एक तंतू राहिला तरी तेथून ओल शिरते. खळ वापरू नये. ती कोंदट हवेत बुरसते. टाचलेले पाकीट बंद दिसते, पण बंद नसते. एका पाकिटात टिपकागद घालून ते ओल्या फडक्यात रात्रभर ठेवावे. सकाळी कागद दमट लागल्यास त्या दिवशीची पाकिटे विक्रीस काढू नयेत.