साथीचे पहिले दिवस
मुंबई व पुणे येथील गाठीच्या तापावरून एक धडा

साथ गावात शिरते तेव्हा दवंडी पिटून शिरत नाही. प्रथम एका घरी एकाला ताप भरतो, मग शेजारच्या घरी दोघे अंथरूण धरतात, आणि ही नेहमीची हिवतापाची पाळी नव्हे असे लोकांच्या ध्यानात येईपर्यंत रोगाने चार आळ्या व्यापलेल्या असतात. ह्या पहिल्या दिवसांत गावकऱ्यांनी काय केले व सरकारने काय केले ह्यांवर पुढच्या पुष्कळ गोष्टी ठरतात. म्हणून ह्या धड्यासाठी आम्ही आरोग्याचे कोरडे नियम न घेता आपल्याच प्रांतात घडलेले एक उदाहरण घेतले आहे. गाठीच्या तापाच्या वर्षी गाव ओस पडून लोक रानात राहिले, ही गोष्ट अद्याप कित्येक घरांत आजेपणज्यांच्या नावाने सांगतात. तीच गोष्ट मुळापासून पाहू.

सन १८९४ साली चीन देशातील कँटन शहरी व हाँगकाँग बंदरात ही साथ जोरात होती. त्याच वर्षी हाँगकाँग येथे अलेक्झांडर येर्सिन नामक डॉक्टराने प्लेगचा जंतू शोधून काढला. म्हणजे रोग कशाने होतो हे मुंबईत साथ येण्यापूर्वी दोन वर्षे ठाऊक झाले होते. तो माणसापर्यंत कोणत्या वाटेने पोचतो हे मात्र ठाऊक नव्हते. हा भेद वाचकांनी नीट ध्यानात ठेवावा. पुढे जो घोटाळा झाला त्याचे मूळ बहुतांशी ह्यातच आहे.

मुंबईत मांडवी नावाचा भाग बंदराला लागून आहे. तेथे त्या काळी धान्याच्या वखारी व त्यांवर माणसांनी गच्च भरलेल्या चाळी होत्या. सन १८९६ च्या पावसाळ्याअखेर तेथे मेलेले उंदीर सापडू लागले. कोणी तिकडे फारसे लक्ष दिले नाही. सप्टेंबर महिन्यात त्या भागातील एक डॉक्टर, मूळचे गोव्याचे अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस, ह्यांनी काखेत व जांघेत गाठी आलेले रोगी तपासले आणि हा प्लेग आहे असे उघड सांगितले. ते नगरपालिकेचे सभासदही होते, म्हणून त्यांनी ही गोष्ट तेथेच मांडली.

त्यांचे म्हणणे सर्वांना रुचले असे नाही. मुंबईचे सगळे वैभव बंदरावर. प्लेग आहे असे एकदा कबूल केले की परदेशची बंदरे मुंबईची जहाजे अडविणार, माल कुजणार व गिरण्या बंद पडणार, ही भीती होती. आणि ती खोटीही नव्हती. सन १८९७ च्या आरंभी युरोपातील राष्ट्रांनी ह्याच कामासाठी व्हेनिस येथे परिषद भरविली, व त्या वर्षी हिंदुस्थानातून मक्केस जाणाऱ्यांची यात्रा बंद करावी लागली. म्हणून प्रथम 'गाठीचा ताप' असे सौम्य नाव देऊन वेळ काढण्यात आला. नाव सौम्य केले म्हणून रोग सौम्य होत नाही. ही चूक केवळ जुन्या काळची आहे असेही कोणी समजू नये. चीनमधील वुहान शहरी सन २०१९ च्या डिसेंबरअखेर डॉक्टर ली वेनलियांग ह्यांनी आपल्या सोबतच्या डॉक्टरांस नव्या रोगाविषयी सावध केले, तेव्हा पोलिसांनी त्यांना बोलावून 'अफवा पसरवू नका' अशी लेखी समज दिली. पुढे ते स्वतः त्याच रोगाने फेब्रुवारी २०२० मध्ये वारले. पहिली बातमी देणारा मनुष्य बहुधा कोणालाच आवडत नाही.

आता मुंबईच्या अधिकाऱ्यांनी काय केले ते पाहू. कबुली दिल्यावर त्यांनी फार त्वरा केली. समुद्राचे पाणी व कार्बोलिक औषध गटारांत सोडले, घरांना चुना दिला, उजेडासाठी छपरे फोडली, आणि राहण्यास नालायक ठरलेल्या घरांवर तशा खुणेची अक्षरे रंगविली. ६ ऑक्टोबर १८९६ रोजी आयुक्त स्नो ह्यांनी जाहीरनामा काढला की, रोग्यास घरच्यांची संमती असो वा नसो, रुग्णालयात नेता येईल. कागदावर हे योग्य दिसते. परंतु आर्थर रोडच्या रुग्णालयात जे नेले जात त्यांपैकी बहुतेक परत येत नसत, कारण घरचे लोक रोग्यास दडवून ठेवीत व तो मरणाच्या दारी पोचल्यावरच सापडे. मग लोक म्हणत, पाहा, तेथे नेले की मारतात. सरकारी डॉक्टर माणसाचे काळीज काढून घेतात अशीही आवई उठली. दडविल्यामुळे मरण, व मरणामुळे अधिक दडवणूक, असे हे चक्र फिरू लागले. २९ ऑक्टोबर रोजी गिरणीच्या शेकडो कामगारांनी त्या रुग्णालयावर हल्ला केला, व दुसऱ्याच दिवशी आयुक्तांना आपला जाहीरनामा सौम्य करावा लागला.

ह्या माघारीचे आणखी एक कारण होते, व ते आमच्या वाचकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावे. सक्ती अशीच चालली तर शहरातील हलालखोर व झाडूवाले काम टाकून आपापल्या गावी निघून जातील, ही धास्ती आयुक्तांना होती. ते गेले असते तर मोठमोठ्या हवेल्यांतील मैला तेथेच सडला असता. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानीत, त्यांच्या खांद्यावर सगळ्या मुंबईचा जीव टांगलेला होता, ही गोष्ट सरकारी कागदपत्रांना त्या वर्षी मान्य करावी लागली. साथ ओसरल्यावर ती किती जणांना आठवली, हे विचारण्यात अर्थ नाही.

लोकांनी मग जे नेहमी करतात तेच केले, ते पळाले. आठ लाखांवर वस्तीच्या शहरातून फेब्रुवारी १८९७ पर्यंत सुमारे निम्मे लोक निघून गेले होते. कोणी आगगाडीने, कोणी गलबताने, कोणी डोक्यावर गाठोडे घेऊन पायी. त्या वर्षी मुलखात दुष्काळही होता. त्यांच्या पाठोपाठ रोग कोकणात, देशावर व गुजराथेत गेला. कल्याणसारख्या स्थानकांवर उतारूंस खाली उतरवून तपासू लागले, आणि परपुरुषांनी बायकांच्या गाठी चाचपाव्या ह्याचा संताप गावोगाव पसरला.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोगांचा कायदा केला. तो अवघ्या चार कलमांचा होता. साथ असता सरकारला योग्य वाटेल ती तजवीज करावी, न मानणारास शिक्षा व्हावी, आणि ह्या कायद्याखाली काम करणाऱ्यावर दावा चालू नये, एवढाच त्याचा मथितार्थ. अधिकार किती ते सांगितले. मर्यादा कोणती ते सांगितले नाही.

ह्या कायद्याचा कठोर अनुभव पुणे शहरास आला. तेथे रँड नामक अधिकाऱ्याच्या हाताखाली प्लेग कमिटी नेमली गेली, आणि १३ मार्चपासून १९ मे १८९७ पर्यंत गोऱ्या शिपायांनी घरोघर झडत्या घेतल्या. शिपायांस भाषा येत नव्हती. देवघर कोणते व माजघर कोणते हे त्यांस समजत नव्हते. रोग्यास रुग्णालयात नेत, घरच्यांना वेगळ्या छावणीत ठेवीत, व सामानसुमान जाळीत. लोकमान्य टिळकांविषयी येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. ते पुणे सोडून गेले नाहीत. हिंदूंसाठी वेगळे रुग्णालय उघडण्यात त्यांनी पुढाकार घेतला, आणि रोग्यांस वेगळे ठेवावे हे तत्त्व त्यांना मान्य होते. त्यांची तक्रार ते तत्त्व ज्या रीतीने लादले जाई त्या रीतीविषयी होती.

पंडिता रमाबाई ह्यांनीही हीच तक्रार केली. त्यांच्या शारदा सदनातील एका मुलीला प्लेगच्या रुग्णालयात नेल्यावर तिचे जे झाले त्यावरून त्यांनी मे १८९७ मध्ये 'बॉम्बे गार्डियन' ह्या ख्रिस्ती पत्रात लिहिले की तेथे तरुण स्त्रियांच्या अब्रूचे रक्षण होत नाही. सरकारने आरोप नाकारला. राज्य गोऱ्यांचे, व बाई त्यांच्याच धर्माची, तेव्हा ती गप्प राहील असे ज्यांना वाटले असेल त्यांची निराशा झाली. त्या दुष्काळातील मुलींना पुण्यात आणण्याची प्लेगमुळे मनाई झाली, तेव्हा रमाबाईंनी त्यांना केडगाव येथील आपल्या जमिनीवर नेले. नियम जाचक असला तरी त्यांनी तो पाळला, आणि अन्याय दिसला तेथे नाव घालून लिहिले. दोन्ही गोष्टी एकच मनुष्य करू शकतो.

त्याच मार्च महिन्यात पुण्याजवळ सावित्रीबाई फुले ह्या आपले दत्तक पुत्र डॉक्टर यशवंत ह्यांच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. मुंढवे येथील महारवाड्यातून एका आजारी मुलास त्यांनी स्वतः उचलून आणले असे सांगतात. त्यांनाही रोग जडला व १० मार्च रोजी त्या वारल्या.

२२ जून १८९७ च्या रात्री राणी व्हिक्टोरियाच्या राज्याचा हीरक महोत्सव साजरा करून परत येताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व लेफ्टनंट आयर्स्ट ह्यांवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आयर्स्ट तेथेच मेले. रँड ३ जुलै रोजी. पुढे फाशी, टिळकांना अठरा महिन्यांची कैद, हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. आमच्या मते रँड ह्यांनी हे सर्व दुष्टाव्याने केले असे म्हणता येत नाही. साथ लवकर आटोपावी, एवढेच त्यांच्या डोळ्यांपुढे होते. पण ज्यांचे प्राण वाचवावयाचे त्यांनाच विचारू नये, ही चूक लहान नव्हे, व तिची किंमत दोन्ही पक्षांनी रक्ताने दिली.

आणि इतके करून रोग थांबला काय? नाही. सन १८९८ साली कराची येथे पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टराने प्रयोग करून दाखविले की मेलेल्या उंदराच्या अंगावरील पिसवा हा रोग नेतात. त्यांचे म्हणणे कित्येक वर्षे कोणी मानले नाही; सन १९०५ नंतर मुंबईत झालेल्या मोठ्या संशोधनाने ते खरे ठरले. गटार धुतल्याने उंदीर मरत नव्हता, तो पलीकडच्या घरी जात होता. माणसांना छावणीत कोंडले; रोग वाहून नेणारा प्राणी वखारीत मोकळा होता.

येथे खेड्यांची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. हिमालयातील गढवाल व कुमाऊँ ह्या डोंगरी मुलखात लोक ह्या रोगाला महामारी म्हणत, आणि घरात उंदीर पडू लागले की कोणाच्या हुकुमाची वाट न पाहता गाव सोडून डोंगरात झोपड्या बांधून राहत. त्यांना जंतू ठाऊक नव्हता, पिसूही ठाऊक नव्हती. तरी त्यांची रीत मोठ्या शहरांच्या रीतीहून सरस निघाली. पुढे आपल्याकडील गावांनीही तेच केले. शेतात कुडाच्या झोपड्या पडल्या, पाखरांप्रमाणे लोक तेथे राहिले, आणि अनेक घरे वाचली. सरकारच्या अधिकाऱ्यांनीही अनुभवाने हाच मार्ग चांगला मानला.

लशीची गोष्टही अशीच. डॉक्टर हाफकिन ह्यांनी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात, अगदी तोकड्या जागेत, प्लेगची लस तयार केली, व १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोक भीत होते. तेव्हा खोजा लोकांचे धर्मप्रमुख, तरुण आगा खान, ह्यांनी आपल्या माणसांदेखत स्वतःस टोचून घेतले. मग त्यांचे अनुयायी पुढे आले. सन १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी दूषित लशीने १९ माणसे धनुर्वाताने दगावली, दोष हाफकिनवर आला, आणि तो दूर होण्यास पाच वर्षे लागली. एका बाटलीची चूक शंभर गावांचा विश्वास उडविते.

हळूहळू सरकारही शिकले. जातवार व पंथवार रुग्णालये निघाली, वैद्य-हकिमांची मदत घेतली गेली. सन १९०० च्या एप्रिलमध्ये कानपुरास दंगा झाला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी सक्तीचा बहुतेक त्याग झाला. तोवर पुष्कळ उशीर झाला होता. पुढील वीस वर्षांत हिंदुस्थानात ह्या रोगाने सुमारे एक कोटी माणसे नेली.

सन १८९७ चा तोच कायदा मार्च २०२० मध्ये करोनाच्या वेळी पुन्हा हाती घेण्यात आला. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता सांगण्यात आले की मध्यरात्रीपासून सर्व देश बंद. चार तासांत मजुराने काय करावे? ज्यांचे हातावर पोट ते बायकामुलांसह पायी निघाले. मराठवाड्यात करमाडजवळ, ८ मे रोजी पहाटे, थकून रुळांवर निजलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. रुळांवर त्यांच्या भाकरी पडल्या होत्या. रोग अडवावयास निघालेल्या हुकुमाने ह्या लोकांचा विचारच केला नव्हता.

उपदेशक बंधूंनी हा धडा रात्रीच्या सभेत वाचून दाखवावा, आणि नंतर मंडळीस काही विचारावे. आपल्या गावी पहिला रोगी निघाला तर ती बातमी कोणाच्या कानावर घालावयाची, व ती सांगणाऱ्या घराचे पाणी व दुकान बंद होणार नाही ह्याची हमी कोण घेणार? गावाबाहेर राहावे लागले तर वाडा, शेत व गुरे कोणी पाहावीत? मजुरीस शहरी गेलेली मुले परत आली तर त्यांस वेशीबाहेर कोठे उतरवावयाचे, व भाकर कोणी न्यावयाची? ही उत्तरे साथ आल्यावर सुचत नाहीत. पाटील, शाळामास्तर, दाई व गावातील सर्व वस्त्यांतील दोन-दोन माणसे एकत्र बसवून ती आताच एका वहीत लिहून ठेवावीत, आणि ती वही कोणाच्या घरी राहील तेही त्याच बैठकीत ठरवावे.